भांडल्यावर बसायची जागा

"बोईसरला बघण्यासारखं आहे तरी काय?" हा प्रश्न लोक मला गेली आठ वर्षं विचारतायत, आणि आठ वर्षं मी चिडतेय. त्या चिडण्यातूनच माझा ब्लॉग सुरू झाला. आठवडाभर एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत डोकं घालायचं आणि रविवारी स्कूटी काढून पालघर ते तारापूर भटकायचं, हा माझा क्रम. काळदुर्गाचा कातळ, वाघोबा खिंडीतलं देऊळ, केळव्याचे पानमळे, चिंचणीची चौपाटी, तारापूरचा किल्ला. माझ्या आवडत्या जागांची यादी ब्लॉगवर आहे, आणि लोक ती वाचून येतात, याचा मला माफक गर्वही आहे. माफक कसला, चांगलाच आहे.

यंदा जानेवारीत मात्र तो प्रश्न थेट आमच्या घरात आला. माझ्या दिराचा मुलगा निखिल आणि लातूरकडची शुभांगी, दोघं पुण्यात एकत्र शिकलेली. त्यांचं ठरलेलं, आम्हाला पसंत, पत्रिकासुद्धा कोणी मागितली नाही. अडलं होतं ते मुलीच्या वडिलांपाशी. त्यांनी मोबाइलवर बोईसर शोधलं, तर धुराडी दिसली आणि तारापूरचं अणुवीज केंद्र दिसलं. "अशा जागी पोरगी द्यायची नाही," म्हणाले. शुभांगीनं निखिलला स्पष्ट सांगितलं, "बाबांना एकदा स्वतः बघून जाऊ दे. आई गेल्यापासून आम्ही दोघंच आहोत. ते नाही म्हणाले तर मी त्यांना दुखवून येणार नाही."

सुभाषभाऊजी, म्हणजे माझे दीर, सकाळी सकाळी दारात हजर. "वयनी, सगल्या दुनियेला तुमी बोईसर दाखवता. आता या एका मान्साला दाखवा. माज्या पोराचं लगीन तुमच्या हातात हाय."

मी म्हटलं, "बघाच तुम्ही." तीन दिवसांचा दौरा आखला आणि मनातल्या मनात लग्नाची साडीही ठरवून टाकली.

शुक्रवार. बेटेगाव, बोईसर, चिंचणी

शुभांगीचे वडील वैजनाथराव साठीचे, सडपातळ, पांढरा शर्ट, पायात जाड चपला. गुरांच्या सरकारी दवाखान्यात जन्मभर नोकरी केलेला माणूस. बेटेगावात आमच्या घरी आले, चहा घेतला, आणि घर बघायचं सोडून शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीचे डोळे उघडून बघत बसले. "खायला चांगलं मिळायलंय हिला," एवढंच बोलले. भाऊजींनी माझ्याकडे बघून मान डोलावली, जणू पहिला पेपर सुटला.

बोईसरला मी त्यांना रिक्षानं नेणार होते, आणि कोणत्या रस्त्यानं हे आदल्या दिवशीच पक्कं केलं होतं: बाजारातून, शाळेवरून, झाडी झाडीनं. कारखान्यांच्या मागचा नाला काही झालं तरी वाटेत येता कामा नये. पण रिक्षावाला आझमगढचा, त्याला माझ्या घरच्या लग्नाची काय पर्वा? "मॅडम, उधर जाम है," म्हणाला आणि सरळ नाल्याच्या कडेनं घातली. भपकन वास आला.

"ह्यो वास कशाचा, ताई?"

"भरतीची वेळ आहे ना," मी म्हटलं. "खाडीचा असेल."

आता बोला! चोवीस वर्षं या गावात काढलेली, रसायनशास्त्र शिकलेली बाई मी, आणि एका भल्या माणसाला खाडीचा वास म्हणून थाप मारली. रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडे असं बघितलं की मला खाली उतरावंसं वाटलं. वैजनाथराव बाहेर बघत राहिले. रुमालही नाकाला लावला नाही त्यांनी.

बाजारात त्यांना गंमत वाटली. एका दुकानात बिहारी, दुसऱ्यात ओडिया, भाजीवाली वारली, आणि सगळे एकमेकांशी मोडक्या हिंदीत. "आमच्याकडं परगावचा मानूस आला तर चार दिवस चर्चा असती," ते म्हणाले. "इथं सगळेच परगावचे दिसायलेत." मी म्हटलं, "मीसुद्धा. माहेर नगर जिल्ह्यातलं." तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

दुपार उतरल्यावर चिंचणीला गेलो. ओहोटी होती, ओली वाळू लांबपर्यंत पसरलेली. त्यांनी समुद्र आयुष्यात दुसऱ्यांदा बघितला. पाण्याजवळ गेले, वाकून बोटं बुडवली, जिभेला लावली आणि तोंड वाकडं केलं. मग दक्षिणेकडे वळले. किनाऱ्यावर लांब, धुरकट उन्हात, केंद्राच्या इमारती दिसत होत्या.

"त्येच का ते?"

"तेच."

मी त्याबद्दल खूप काही पाठ करून आले होते. तिथल्या वसाहतीतली शाळा किती चांगली, बाग किती छान, किती कुटुंबं तिथं दोन-दोन पिढ्या राहिली. पण त्यांनी मला विचारलंच नाही. वाळूत उकडलेल्या शेंगा घेऊन बसलेल्या म्हातारीपाशी गेले आणि तिला विचारलं, "मावशी, ह्याच्याशेजारी राहता, झोप लागती का?"

"लागते ना," म्हातारी म्हणाली. "दिसभर बसून कंबर मोडते. झोप नाय लागाला काय झालं?"

"भीती वाटत नाही?"

"वाटते की. पोरगा होडीवर जातो त्याची वाटते. सुनेचं बालंतपन हाय त्याची वाटते." तिनं त्यांच्या हातावर चार शेंगा जास्तीच्या ठेवल्या. "ह्याची पन वाटते कदी कदी. सगल्यांची थोडी थोडी."

वैजनाथराव शेंगा सोलत बराच वेळ तिच्याजवळ उकिडवे बसले होते. परतताना एवढंच म्हणाले, "खरं बोलली बाई." माझे कान गरम झाले. मी जी थाप मारली होती ती त्यांना केव्हाच कळली होती.

शनिवार. केळवे

केळव्यावर माझी सगळी भिस्त होती. शाकाहारी माणूस, वाडीतली गार सावली, शितलादेवीचं देऊळ, पानमळे. इथं कोणाचं मन विरघळत नाही? आणि तिथं आमच्या नात्यातल्या पमाकाकी, ज्यांच्या हातची उकडहंडी खाऊन माझ्या ब्लॉगचे वाचक अजून पत्रं लिहितात.

देवीचं दर्शन झालं. पानमळ्याशी पोचल्यावर मी सांगायच्या आत वैजनाथरावांनी चपला काढून बाहेर ठेवल्या. वेलीत चप्पल घालून जायचं नाही ही इथली रीत, ती त्यांना कोणी सांगितली होती? "पिकात कोण चप्पल घालून जातंय?" त्यांनी उलट मलाच विचारलं. आत हिरवा काळोख, ओली माती, वरपर्यंत चढलेले वेल. पाटाचं पाणी बघून मात्र ते थांबले. "उन्हाळ्यात असतंय का हे?" असतं म्हटल्यावर म्हणाले, "आमच्याकडं टँकरच्या आवाजानं जाग येती." हेवा नव्हता त्यात, पण ऐकून बरंही वाटलं नाही.

या सगळ्याचं मी चित्रीकरण करत होते. हीच माझी खोड. देवळात दीड तास, मळ्यात दोन तास, "जरा इकडे बघा," "जरा पुन्हा चालत या." पमाकाकींच्या वाडीत आम्ही आठला पोचायचं, ते पोचलो साडेअकराला.

काकींनी अंगणात मडकं उलटं घालून भोवती पेटवलं होतं. कंद, कोनफळ, रताळी, वालाच्या शेंगा, हिरवं वाटण, पाण्याचा थेंब नाही. मडकं उघडल्यावर जो वास सुटला, त्याला मी खाडीचा म्हणाले नाही! वैजनाथरावांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"ही तर आमची येळवशीची भज्जी की हो!"

येळवस म्हणजे वेळ अमावास्या. त्यांच्याकडं त्या दिवशी सगळी माणसं शेतात जातात, सगळ्या भाज्या नि ओल्या शेंगांची भज्जी करतात, आणि सोबत आंबील: ज्वारीच्या पिठाची, ताकातली, आंबट, मातीच्या मडक्यातली गार. "आंबील असती तर सोनं झालं असतं," ते म्हणाले. इतकं मोकळं बोलताना मी त्यांना दोन दिवसांत पहिल्यांदा ऐकत होते. मला वाटलं, जमलं!

आणि तिथं मी घोळ घातला. पडवीत कोपऱ्यात नीरेचं मडकं झाकून ठेवलं होतं. पहाटे ताडावरून उतरवून काकींनी आमच्यासाठी ठेवलेली. मी उत्साहानं पेला भरला. "आंबील नाही, पण ही घेऊन बघा. ताडाची नीरा. अगदी पाण्यासारखी गोड." आणि मी स्वतः? मी चव न घेता मोबाइल धरून उभी. पाहुणा पहिला घोट घेतो तो क्षण टिपायला नको?

त्यांनी घोट घेतला, थबकले, आणि चेहरा फुलला. "आंबट हाय की! तुम्ही गोड म्हणलाव. आंबिलीसारखीच लागायलीय बगा." पेला संपवला. दुसरा घेतला. तिसरा स्वतःच्या हातानं ओतून घेतला.

इथल्या कुठल्याही पोराला कळलं असतं. नीरा आंबट लागली की ती नीरा राहिलेली नसते. ऊन चढलं की ती ताडी होते. लातूरच्या माणसाला आंबट म्हणजे उत्तम, आणि मी कॅमेऱ्यातून हसत होते.

काकी भाकरी घेऊन बाहेर आल्या आणि किंचाळल्याच. "अगे बाय! ती सकालची हाय गे! पाजलीस की काय त्यांना?"

"तीन पेले," मी म्हटलं.

आयुष्यात सुपारीसुद्धा न खाल्लेला माणूस. गावात व्यसनमुक्तीची पत्रकं वाटणारा. "डोकं जरा हलकं झालंय," असं ते हसत म्हणाले, पडवीतल्या चटईवर आडवे झाले, आणि दोन मिनिटांत घोरायला लागले. मी सुपारीच्या बुंध्याशी बसून राहिले. भाऊजींना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "वयनी, पोरीच्या बापाला ताडी पाजलीत? ताडी?" मला रडूच फुटलं. निखिलचा चेहरा सारखा डोळ्यांसमोर येत होता. तो बिचारा "काकू दाखवतेय म्हणजे काही काळजी नाही" असं सगळ्यांना सांगत फिरत होता.

दोन तासांनी ते उठले. विहिरीवर तोंड धुतलं. मी हात जोडले. म्हटलं, "चुकलं माझं. ती ताडी झाली होती. मुद्दाम नाही दिली. आणि काल तो वास खाडीचा नव्हता, नाल्याचा होता. कधी कधी येतो तसा, वारा फिरला की."

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "तीस वर्षं गुरांच्या जखमा धुतल्या, ताई. वास कळतो मला."

मग विहिरीच्या कठड्यावर बसले आणि म्हणाले, "तुम्ही समुद्र दाखवलाव, मळा दाखवलाव, चांगलंच हाय सगळं. मी काय त्या केंद्राला भ्यालेलो नाही. मला एकच विचारायचंय. भांडण झाल्यावर इथली बाई कुठं जाऊन बसती?"

मला आधी कळलंच नाही.

"आमची ही होती तवा," ते सांगू लागले, "सासरी घर भरलेलं. सतरा मान्सं, आडोसा म्हणून नाही. भांडण झालं की ही उठायची आणि माझ्या दवाखान्यामागं यायची, जिथं आजारी गुरं बांधायचो तिथं. त्यांच्यात जाऊन बसायची घटकाभर. जनावर काही विचारत नाही. मग आपली उठून घरी जायची. भांडण बहुतेक माझ्याशीच असायचं, आणि चूक तिची नसायची." त्यांनी मनगटानं डोळे पुसले. "शुभीला आई नाही. माहेर एका रात्रीच्या प्रवासावर. भांडण तर होणारच, पोरगा कितीबी चांगला असू दे. तवा माझी लेक कुठं जाईल?"

मी म्हटलं, "सुरूच्या बनात बाकं आहेत, चौपाटी आहे..."

"तिथं एकटी बाई बसली की लोक बघतेत," ते म्हणाले. "रडायला जागा लागती ती बघायची जागा नसावी."

माझी अख्खी यादी तिथं आडवी झाली. तरी एक जागा मला माहीत होती. ती यादीत कधी घातलीच नव्हती. आणि शाकाहारी पाहुण्याच्या दौऱ्यात तर नावही काढलं नव्हतं.

रविवार. सातपाटी

"शाकाहारी मान्साला बोंबलांत नेताय?" भाऊजी कपाळाला हात लावून म्हणाले. "ताडी झाली, आता हेच राहिलं व्हतं." पण गाडीनं सोडलं त्यांनीच. स्वतः मात्र पाहुण्याबरोबर उतरायला तयार होईनात. लाज वाटत होती त्यांना.

सातपाटीच्या किनाऱ्यावर, होड्यांच्या मागे, बांबूंच्या उंच ओळी उभ्या असतात, आडव्या दोऱ्या बांधलेल्या. त्यावर ओले बोंबील वाळत घालतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. ना खिळा लागतो, ना गाठ. वास असा की डोळ्यांतून पाणी यावं. वैजनाथरावांनी आता मात्र रुमाल काढला.

ओळींमधून हिराबाय आली. सत्तरीची कोळीण, कमरेला खोचलेलं लुगडं, हाताला खवलं. तिनं मला पाहिलं आणि पाहुण्याबिहुण्याचा विचार न करता ओरडली, "आली गे बाय! आज कोनाशी भांडलीस?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. वैजनाथरावांचा रुमाल खाली आला.

मग सांगावंच लागलं. लग्नाला तीन महिने झाले होते. सासूबाईंनी वर्षभरासाठी डबा भरून सुका जवळा ठेवला होता. बारीक, वास मारणारी कोळंबीसारखी मासळी. नगरच्या पोरीला काय ठाऊक? मी तो खराब झाला समजून उकिरड्यावर टाकून दिला आणि डबा घासून उन्हात ठेवला. वर सासूबाईंना अभिमानानं दाखवला! घरात जो कल्ला झाला, तो ऐकून मी चपलाही न घालता निघाले. बोईसरहून पालघर, आणि पालघरच्या थांब्यावर जी बस उभी होती तिच्यात चढले. माहेरची बस तिथून सुटत नाही एवढंही भान नव्हतं. बस इथं येऊन थांबली. मी या ओळींच्या आड येऊन हुंदके देत बसले. तेव्हा हिराबाय चाळिशीपुढची होती. तिनं काही विचारलं नाही. बोंबलांची टोपली माझ्यापुढे ठेवली आणि एक जोडी अडकवून दाखवली. बस्स. मी, जिनं मासळीला कधी हात लावला नव्हता, ती तिन्हीसांजेपर्यंत जबड्यात जबडे घालत बसले. हातांत इतका खारटपणा भरला की डोळे पुसायचीही सोय राहिली नाही, मग रडणं आपोआप थांबलं. पहिल्या वर्षात मी इथं सात-आठ वेळा आले असेन. नवऱ्याला हे लग्नानंतर कितीतरी वर्षांनी सांगितलं.

"दहा येळा," हिराबाय म्हणाली. "पयल्यांदा सगलं उलटं टांगलंस. मी मागून सरल केलं."

वैजनाथराव हसले. या तीन दिवसांत पहिल्यांदा पोटातून हसले. मग हसणं ओसरल्यावर त्यांनी हात जोडून विचारलं, "मावशी, माझी पोर आली तर?"

"येऊ दे की."

"ती मासळी खात नाही."

"खायाला कोन सांगतंय? टांगाला यील तिला."

"का रडती म्हणून विचाराल का?"

"आमी नाय इचारीत," हिराबाय म्हणाली आणि कमरेवर हात ठेवले. "इथं सगल्या कदी ना कदी आल्यात. कोनाला इचारू? आन् मी मेले तरी माजी सून हाय, तिकडे बसलीय ती. तिला पन म्हाइत हाय काय करायचं ते." पलीकडे एक तरणी बाई टोपलीशी बसली होती. तिनं मान वर करून हात हलवला आणि पुन्हा कामाला लागली.

वैजनाथरावांनीही तिच्याकडे हात हलवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "भाऊजींना सांगा, गाडी घेऊन जावा म्हणावं. आपण बसनं जाऊ. पोरगी बसनंच येणार ना."

भाऊजींना वाटलं, झालं, माणूस रागावला. गाडीशी उभे राहून ते माझ्याकडे बघत होते. पण मी वैजनाथरावांच्या मागून पालघरच्या बसमध्ये चढले.

बस जवळजवळ रिकामी होती. पुढच्या बाजूला मासळीच्या दोन पाट्या आणि त्यांच्या मालकिणी. कंडक्टर तिकिटाला आला. वैजनाथरावांनी खिशातून पेन आणि पत्राचं एक जुनं पाकीट काढलं आणि त्याला रीतसर विचारायला सुरुवात केली. पहिली बस किती वाजता? शेवटची कितीला? दुपारी मधे खंड आहे का? रविवारी कमी असतात का? एकेक वेळ त्यांनी पाकिटाच्या पाठीवर लिहून घेतली.

"आणि बोईसरहून रडत निघालेलं मानूस," त्यांनी विचारलं, "पालघरला उतरलं, तर ही बस त्याला थांब्यावर लगेच दिसती का? विचारायला न लागता?"

कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता हात थांबवला. "रडतंय कोण?"

"अजून कोणी नाही. पोरीचं लग्न हाय."

"असं होय. कधी ठरलं?"

वैजनाथरावांनी पाकीट घडी घालून वरच्या खिशात ठेवलं.

"आत्ताच," ते म्हणाले.